बंदूक आपली, नकाशा कुणाचा?

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावला जातो. विजयस्तंभावर कोरलेल्या, लढाईत पडलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, हे आता आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले आहे. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली ती पलटण सकाळी पेशव्यांच्या अफाट फौजेसमोर आली. तेव्हा उघड्या माळावर न लढता गावात शिरायचे, हा निर्णय कुणी घेतला? कॅप्टन स्टाँटनने. लढले आपले पूर्वज. हुकूम मात्र दुसऱ्याचा होता.

या निर्णयाला सैन्यात डावपेच म्हणतात. जमीन वाचणे, शत्रू कुठून येईल हे ओळखणे, आपली माणसे कुठे ठेवायची ते ठरवणे, हे अधिकाऱ्याचे काम. आपला दीडशे वर्षांचा लष्करी इतिहास एका वाक्यात सांगायचा तर, आपल्याला मरण्याची परवानगी होती, ठरवण्याची नव्हती.

इंग्रजांच्या फौजेत हिंदी माणूस फार तर सुभेदार-मेजर होई आणि त्यालाही नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकावा लागे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत शिकवत होते. पलटणीतल्या शाळेने आपल्या माणसांना अक्षरओळख दिली. गावाने ती कधीच दिली नव्हती. तेवढाही दरवाजा १८९२ च्या सुमारास बंद झाला. 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवली गेली. ज्यांनी कोरेगाव लढवले, ते अचानक लढाऊ उरले नाहीत! गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली.

या बंदीमुळे शिपायांच्या नोकऱ्या गेल्या, एवढेच आपण सांगतो. खरे नुकसान त्याहून मोठे आहे. १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. हिंदी तरुणांना देशातच अधिकारी होण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या तुकडीत ४० जागा होत्या : १५ खुल्या परीक्षेतून, १५ सैन्यातल्या जवानांमधून, १० संस्थानी फौजांमधून. म्हणजे शिपायाच्या पोराला वर चढायला एक शिडी होती. पण शिडीची पहिली पायरी म्हणजे पलटण, आणि पलटणीतूनच आपल्याला बाहेर काढलेले होते. परीक्षेच्या जागांसाठी इंग्रजी शाळा आणि पैसा लागे. तो कुणाकडे होता, हे वेगळे सांगायला नको. संस्थानिक तर आपण नव्हतोच. तिन्ही दारे बंद, आणि कुठल्याही दारावर 'अस्पृश्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावायची गरजही पडली नाही.

१९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. मशीनगन म्हणजे नुसता चाप ओढणे नव्हे. पल्ला मोजावा लागतो, कोन काढावा लागतो, पुढे जाणाऱ्या आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून गोळ्या नेमक्या पाडाव्या लागतात. ते गणिताचे काम आहे. 'यांना डोके नाही' म्हणणाऱ्यांना हे एवढे उत्तर पुरे.

पण इथेही थांबून बघा. या रेजिमेंटमध्ये कमिशन घेतलेले दोन अधिकारी देशाचे लष्करप्रमुख झाले : जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी. १९८७ मध्ये श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन रात्रीच्या हल्ल्यात घेरले गेले. त्यांनी डोके शांत ठेवून उलट शत्रूलाच मागून घेरले. छातीत गोळी लागल्यावरही ते हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र त्यांना मिळाले. त्यांच्या कर्तृत्वाला आपला सलामच आहे. प्रश्न आपल्यासाठी आहे. रेजिमेंटच्या नावात आपण आहोत. मग लष्करप्रमुख झालेल्या या दोघांत आपल्या समाजातला एकही का नाही?

आरक्षण नाही, हे एक उत्तर. सैन्यदलांत आरक्षण लागू नाही हे खरे. म्हणूनच तयारी दुप्पट हवी. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण आहेत, त्यात ३०० गणिताचे. पुढे एसएसबीचे पाच दिवस. तिथे माणूस संकटात कसा विचार करतो आणि बरोबरच्यांना कसा घेऊन चालतो, ते तपासतात. पॅरा स्पेशल फोर्सेससारख्या तुकड्यांत जायचे तर कमिशननंतर स्वेच्छेने आणखी कठोर चाचणी द्यावी लागते. तिथे तरुण कॅप्टन मूठभर माणसे घेऊन शत्रूच्या मागे उतरतो, आणि त्या रात्री विचारायला वर कुणी नसते.

प्रबोधिनी म्हणजे खडकवासला, आपल्या पुण्याजवळ. मुलांच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींनाही एनडीए आता खुली झाली आहे. आपल्या वस्तीतली पोरे पहाटे धावतात ती शिपाई भरतीसाठी. धावू द्या, ती भाकरीची लढाई आहे. पण त्याच वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या पोरापोरींना गणित शिकवणारा एक तरी कार्यकर्ता बसला पाहिजे.

बाबासाहेबांनी सांगितले ते शासनकर्ती जमात व्हायला. पुढच्या १ जानेवारीला स्तंभाला मानवंदना देताना शूरांची नावे जरूर वाचा. आणि घरी येऊन नकाशा वाचायला शिका.

जय भीम!