दोन प्रतापगड : मराठीतील मालिका-कादंबरी आणि अद्भुताचा भूगोल

भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणे मालिकेत 'प्रतापगडावर फास्टर फेणे' या नावाचे एक पुस्तक आहे. हा प्रतापगड कोणता, असा प्रश्न कुणाही मराठी वाचकाला पडत नाही. तो जावळीच्या खोऱ्यातला, १६५९च्या अफझलखान-प्रसंगाचा, शालेय पाठ्यपुस्तकातून मनावर कोरला गेलेला प्रतापगड. पण महाराष्ट्रात आणखी एक प्रतापगड आहे. तो गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलाच्या शेजारी आहे. तिथे डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि त्याच परिसरात दर्गाही आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. डोंगर, जंगल, पडका किल्ला आणि दोन धर्मांची श्रद्धास्थाने, म्हणजे अद्भुत कादंबरीला जे जे लागते ते सारे तिथे आहे. तरीही मराठीतल्या एकाही गाजलेल्या मालिका-नायकाची पावले तिकडे वळली नाहीत.

हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. मराठीत किशोरवयीन वाचकांनी ज्या मालिका वाचल्या, त्यांचा स्वतःचा असा एक नकाशा आहे. तो कसा घडला याचा शोध घेतला, तर आपल्या कादंबरीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा हाती लागतो, असे आमचे मत आहे.

१.

मराठी कादंबरीचा आरंभ सांगताना आपण वर्गात दोन नावे हमखास घेतो. एक बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि दुसरे लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१). पहिलीला वास्तवाचा आरंभ म्हणून मान मिळतो. दुसरीला अद्भुतरम्य म्हणून थोडेसे हसून बाजूला सारले जाते. 'मंजुघोषा' (१८६८) लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूडांच्या वाट्याला तर बहुधा परीक्षेतील टीपच येते. प्रत्यक्षात १८६०च्या दशकातील वाचक या अद्भुत कथांवर लुब्ध होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे भाषांतर त्याच काळातले. एका गोष्टीच्या पोटातून दुसरी निघावी आणि वाचकाने पुन्हा पुन्हा त्याच जगात परतावे, ही सवय मराठी वाचकाला तिथेच लागली.

पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाची प्रतिष्ठा पक्की केली. तिचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्यामुळे अद्भुताचे काय झाले, हे विचारले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' (१९०२) या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही परंपरांचा गंभीरपणे विचार केला होता. अद्भुताला केवळ बालिश मानून चालणार नाही, ही जाणीव त्या काळच्या एका कठोर इतिहासकाराला होती. समीक्षेने मात्र हा धागा फारसा पुढे नेला नाही. अद्भुत मुलांच्या हवाली झाले आणि मोठ्यांचे वाङ्मय वेगळे ठरले.

२.

मात्र वाचकाची भूक गेली नव्हती. ती इतिहासाकडे वळली. नाथमाधवांच्या 'वीरधवल' (१९१३) या कादंबरीने अद्भुताची हौस भागवली खरी, पण त्यांच्याच स्वराज्यविषयक कादंबऱ्यांनी आणि वि. वा. हडपांच्या 'कादंबरीमय पेशवाई'च्या अनेक भागांनी मालिका-वाचनाची खरी चटक लावली. भाग संपला की पुढच्या भागाची वाट पाहायची, ओळखीच्या माणसांकडे परत जायचे, ही सवय इथे इतिहासाच्या आधाराने प्रतिष्ठित झाली. मूल इतिहास वाचते आहे म्हटल्यावर घरचे वडीलधारे रागावत नसत.

याचा एक परिणाम फार दूरवर गेला. इंग्रजी अद्भुतकथेत जे काम मंतरलेला वाडा किंवा जादूचा किल्ला करतो, ते काम मराठीत सह्याद्रीच्या गडाने केले. भुयार, चोरवाट, खलिता, वेषांतर, रात्रीची चढाई हा सारा अद्भुताचा सरंजाम गडावर आला आणि गडाला इतिहासाचे बळ मिळाले. म्हणून 'प्रतापगड' हा शब्द उच्चारताच मराठी मनात एकच चित्र उभे राहते. ज्या गडाला शिवकालाचा आधार नाही, तो या कल्पनासृष्टीत शिरूच शकला नाही. गोंडराजांचा प्रदेश, तिथले किल्ले, तळी आणि बांध हे इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदापुरते उरले.

३.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ही कोंडी बरीच फोडली. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, १९५१मध्ये 'बालमित्र' हे मासिक सुरू केले आणि फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला. फेणे इतिहासातला नव्हता, आजचा होता. सायकलवर फिरणारा, काटकुळा, 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि संकट दिसले की त्यात उडी घेतो. वीस पुस्तकांच्या या मालिकेत तो काश्मीरपर्यंत जाऊन येतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घराच्या आणि संस्कारांच्या कक्षेत वावरतो. फेणेने ती कक्षा ओलांडली. खेड्यातून शहरात शिकायला आलेला मुलगा नायक होऊ शकतो, हे त्याने दाखवले. हे श्रेय लहान नाही.

मात्र फेणेबद्दल दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे तो कुठेही गेला, तरी त्याचे केंद्र पुणेच राहते. दुसरी अधिक महत्त्वाची. तो मोठा होत नाही. वीस पुस्तके झाली तरी तो शाळकरीच आहे. गोट्याचेही तेच. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास' (१९९४)पासून चार पुस्तकांतून भेटतो. सीमाभागातल्या बेळगाव परिसराची कानडी वळणाची मराठी त्याने वाङ्मयात आणली आणि वाढत्या वयाची हुरहूर इतक्या अचूकपणे टिपली की तिला तोड नाही. पण लंपनच्या कथा मुलांविषयी आहेत. त्या मुलांसाठी आहेत असे म्हणता येत नाही, कारण त्यांत मागे वळून पाहणारी एक प्रौढ नजर सतत जागी असते.

म्हणजे वाचकाबरोबर वर्षागणिक वाढत जाणारा नायक मराठी मालिकेत जवळजवळ नाही. २०१७मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला, तेव्हा त्यातला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता. फेणेला मोठे व्हायला पडद्यावर यावे लागले, ही गोष्ट आम्हांला बोलकी वाटते.

४.

मग बारा-तेरा वर्षांनंतर मराठी मुले काय वाचत होती? उत्तर सर्वांना ठाऊक आहे, पण अभ्यासक्रमात ते लिहिले जात नाही. ती मुले भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात जाऊन बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद व अमर विश्वास आणि नारायण धारपांचे समर्थ वाचत होती. किशोरांसाठी वेगळे कपाट नसल्यामुळे मोठ्यांच्या रंजक वाङ्मयाचे कपाट हेच त्यांचे कपाट झाले.

यांपैकी धारप (१९२५–२००८) यांच्याकडे नव्याने पाहायला हवे. परिचित शहराच्या आतच दुसरे, अपरिचित जग दडलेले आहे, ही आजच्या शहरी अद्भुतकथेची मूळ कल्पना. ती धारपांनी मराठीत कितीतरी आधी रुजवली होती. त्यांच्या कथेतील अमंगळ शक्ती दूरच्या देशात नसते. ती भाड्याने घेतलेल्या घरात, जुन्या वाड्यात, नोकरीपेशा माणसाच्या संसारात शिरते. 'लुचाई'चा आधार स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' या कादंबरीचा आहे, पण कथा इथल्या मातीत रुजवण्याचे कसब धारपांचे. समर्थ किंवा जयदेव यांसारखी माणसे कथेमागून कथेत परत येतात आणि वाचकाला आधार देतात. ही मालिका-रचनाच आहे. 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने धारपांचे नाव पुन्हा चर्चेत आले, तेव्हा आपल्या विद्यापीठीय समीक्षेकडे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारच थोडे होते.

मात्र धारपांच्याही जगाचे घर मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या मध्यमवर्गातच आहे. शहरी अद्भुतकथेला आधी शहर ओळखीचे असावे लागते, आणि मराठी वाङ्मयाने ओळखीची करून ठेवलेली शहरे पुणे आणि मुंबई हीच होती.

५.

आता पुन्हा दुसऱ्या प्रतापगडाकडे वळू. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या पट्ट्यात, अद्भुताचा दुष्काळ कधीच नव्हता. फक्त तो पुस्तकात नव्हता. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या रंगभूमीचे मोठे केंद्र अर्जुनीपासून दूर नाही. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास मांडला, म्हणून निदान अभ्यासकांना हा ठेवा ठाऊक झाला. इथला किशोर दरवर्षी हंगाम आला की मंडपात परततो आणि ओळखीच्या नटांना नव्या कथेत पाहतो. मालिका-वाचनातील परतण्याचा आनंद त्याला मंडपात मिळतो.

पुस्तकांच्या बाजूने पाहिले तर या परिसराला मराठी गद्यात स्थान मिळवून दिले ते मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिलेल्या या लेखकाने इथले पक्षी, तळी, झाडे आणि माणसे यांना शब्द दिले. कितीतरी वाचकांनी हे जंगल त्यांच्या पुस्तकांतूनच प्रथम पाहिले. पण ते निरीक्षणाचे, आठवणींचे गद्य आहे. त्या जंगलात हरवून जाणारा, पुढच्या भागात परत येणारा, तिथलीच बोली बोलणारा बारा वर्षांचा नायक किंवा नायिका अजून कुणी लिहिलेली नाही.

या भागातील मुलांपर्यंत जे पोहोचले ते बाहेरून आले. 'चांदोबा'तील अद्भुत मालिका मुळात तेलुगूत लिहिल्या जात, त्यांतील बहुतेक दासरी सुब्रह्मण्यम यांच्या. १९५२पासून त्या मराठीतही येत राहिल्या. बालभारतीचे 'किशोर' १९७१मध्ये निघाले आणि शाळांमधून दूरवर गेले. पुढे मंजुल प्रकाशनाने 'हॅरी पॉटर आणि परीस' आणले. हॅरी अकरा वर्षांचा होतो तिथे कथा सुरू होते आणि तो सतरा वर्षांचा होईपर्यंत वाचकाबरोबर वाढत जाते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात पावणेदहा क्रमांकाचा गुप्त फलाट आहे, हे आज अर्जुनीच्या मुलालाही ठाऊक असते. गोंदिया जंक्शनवरच्या गर्दीत असा एखादा फलाट दडलेला असू शकतो, हे मात्र त्याला कुठल्याही मराठी पुस्तकाने सांगितलेले नाही.

६.

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. गोष्ट लंडनची असो वा पुण्याची, मुले वाचतात हे पुरेसे नाही काय? वाचतात हे चांगलेच आहे. पण आम्ही शिकवतो त्या वर्गांत घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले अनेक विद्यार्थी असतात. त्यांना वाङ्मय म्हणजे दुसऱ्यांच्या गावांविषयीची गोष्ट असे वाटत असते. आपला डोंगर, आपली यात्रा, आपली बोली पुस्तकात येण्याच्या लायकीची नाही, हा समज कुणी त्यांना शिकवलेला नाही. आपले गाव कुठल्याच कथेत न सापडल्यामुळे तो आपोआप तयार झाला आहे. आपल्या गावात अद्भुत घडू शकते असे मानायला जागा मिळाली, तर लिहिण्याचे धाडसही येते.

महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी लहानमोठी वाचनालये उभी राहिली आहेत. तिथे कादंबरीचे आणि बालवाङ्मयाचे कपाट असते. या दोहोंच्या मधले कपाट रिकामे आहे. ते भरण्याचे काम लेखकांचे, पण ते रिकामे आहे हे दाखवून देण्याचे काम मराठीच्या अध्यापकांचे आहे. एम. ए.च्या वर्गात 'मुक्तामाला'पासून फेणेपर्यंत आणि अर्नाळकरांपासून धारपांपर्यंतची ही परंपरा एका सूत्रात शिकवायला हवी. रंजक वाङ्मय म्हणून तिला शेवटच्या घटकातील चार ओळींत गुंडाळू नये. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या वाचनालयातील जुन्या देवघेव-वह्या चाळल्या, तरी कोणत्या वयात कोणती मालिका किती हातांतून फिरली, याचा इतिहास लिहिता येईल. असा इतिहास अर्जुनीच्या वाचनालयातूनही सुरू होऊ शकतो. तिथल्या वह्यांत फेणेचा प्रतापगड कितीजणांनी घरी नेला हे कळेल, आणि तो नेणाऱ्यांतलाच एखादा उद्या महाशिवरात्रीच्या यात्रेत हरवलेल्या मुलाची गोष्ट झाडीबोलीत लिहायला घेईल. तिचा पहिला भाग आला की दुसऱ्याची वाट पाहायला आम्ही तयार आहोत.