चंद्रीची खोड

१९७२ च्या दुष्काळात माणदेशातली जनावरं चाऱ्यावाचून कवडीमोलानं बाजारात गेली. आमच्या दावणीला एकच खिलार कालवड उरली. घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी आजी तिला हातानं भरवायची, कपाळ खाजवायची. चंद्री त्यावरच जगली.

चार वर्षांनी तीच चंद्री शिंगांसकट सैपाकघरात शिरू लागली. माणूस दिसलं की डोकं लावून ढकलायची. एकदा आजीच्या हातात भाकरी नव्हती, तर तिला उंबऱ्यावर पाडलं. मनगट मोडलं. घरात बाजाराची भाषा सुरू झाली.

वडील म्हणाले, "खोड तिची न्हाई, आपली हाय. कपाळ खाजवलं की जनावर टक्कर शिकतं."

तेव्हापासून भाकरी गव्हाणीतच. ढकललं की दावं आखूड धरून दोन पावलं मागं सारायची, शांत उभी राहिली की मगच चारा. मारायचं नाही. खाजवायचं तर गळ्याखाली. हळूहळू ती वळणावर आली.

आजीचं मनगट वाकडंच राहिलं. तरी चंद्रीच्या गळ्याखाली तोच हात जायचा.