अन्नाची पेढी

पूर्वीं सुगी संपली, कणसें खळ्यावर जाऊन पडलीं, म्हणजे रिकाम्या झालेल्या रानांत गरीब घरच्या बायका-मुलें पाट्या घेऊन शिरत आणि कापणाऱ्यांच्या हातून निसटलेलीं कणसें वेचून घरीं नेत. याला आपल्याकडे सरवा वेचणें म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला हटकणें हें शेताच्या धन्याला कमीपणा आणणारें मानलें जाई. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत तर शेताचे कोपरे कापूं नयेत, पडलेलें धान्य उचलूं नये, तें गरिबांकरितां व परक्यांकरितां तसेंच ठेवावें, अशी स्पष्ट आज्ञाच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत जी एक नवी संस्था उदयास आली आणि पुढें जिचें नांव जगभर झालें, तिचें मूळ शोधूं गेल्यास तें या सरव्यांतच सांपडतें. ती संस्था म्हणजे अन्नाची पेढी, अर्थात् ‘फूड बँक’.

ज्या देशांत धान्याचे भाव उतरूं नयेत म्हणून जमीन पडीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देत असे, त्या देशांत भूक कशी असेल, असा प्रश्न कोणालाहि पडेल. तेथील सुखवस्तु लोकांनाहि ती दिसत नव्हती. १९६४ सालीं तेथें गरिबांना धान्यखरेदीसाठीं सरकारी तिकिटें देण्याचा कायदा झाला होता. परंतु तो सर्वांपर्यंत पोंचला नव्हता. १९६७ च्या एप्रिल महिन्यांत सेनेटर रॉबर्ट केनेडी व जोसेफ क्लार्क हे मिसिसिपी राज्यांतील डेल्टा मुलुखांत गेले आणि तेथील झोंपड्यांतून त्यांना उपाशी मुलें पाहावयास मिळालीं. त्यानंतर देशभर या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षीं तेथून शेंकडों मैल दूर, आरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरांत, एक मनुष्य हाच प्रश्न आपल्या परीनें सोडवूं पाहत होता. त्याचें नांव जॉन व्हॅन हेंगेल.

व्हॅन हेंगेल यांचा जन्म १९२३ सालीं विस्कॉन्सिन राज्यांत झाला. शिक्षण झाल्यावर त्यांनीं कॅलिफोर्नियांत जाऊन नाना व्यवसाय केले. पुढें संसार मोडला. गांवाकडे परत येऊन ते दगडाच्या खाणींत मजुरी करूं लागले, तों एका इजेनें शरीर अधू झालें. कोरड्या व उबदार हवेंत प्रकृति सुधारावी म्हणून ते फीनिक्सला आले. पोहण्याच्या व्यायामानें अंगांत पुन्हां बळ आलें, तेव्हां ते एका सार्वजनिक तलावावर जीवरक्षकाचें काम पाहूं लागले व उरलेला वेळ सेंट व्हिन्सेंट द पॉल या कॅथॉलिक संस्थेच्या अन्नछत्रांत स्वयंसेवक म्हणून देऊं लागले. दानधर्म करणारा मनुष्य वरच्या पायरीवर उभा असतो, असें सामान्यतः दिसतें. या गृहस्थाची गोष्ट निराळी होती. तो स्वतःच पडून सावरलेला होता.

फीनिक्स शहरांत घरोघरच्या परसांत संत्रीं-मोसंब्यांचीं झाडें असत. तीं फळें घरच्यांना संपत नसत व झाडाखालीं पडून कुजत. व्हॅन हेंगेल यांनीं एक जुनी दुधाची गाडी मिळविली आणि मालकांची परवानगी घेऊन तीं फळें ते गोळा करूं लागले. हा शहरांतला सरवाच होता. लवकरच गोळा झालेला माल एका अन्नछत्राला पुरून उरूं लागला.

याच सुमारास त्यांची एका बाईशीं गांठ पडली. तिचा नवरा तुरुंगांत होता व पदरीं दहा मुलें होतीं. किराणा मालाच्या मोठ्या दुकानामागें जे कचऱ्याचे पिंप असतात, त्यांत टाकून दिलेल्या खाद्यपदार्थांवर ती आपलीं मुलें पोशीत होती. त्या पिंपांत चांगला, खाण्यालायक माल असतो, असें तिनें सांगितलें. आणि ती असेंहि म्हणाली, कीं जसे पैसे ठेवण्याची व काढण्याची पेढी असते, तशी अन्न ठेवण्याची व काढण्याची पेढी असावयास हवी. व्हॅन हेंगेल यांनीं स्वतः जाऊन पाहिलें. गोठविलेलें अन्न, चेपलेले पण न फुटलेले डबे, किंचित् शिळा झालेला पाव, असा पुष्कळसा माल केवळ विक्रीच्या दृष्टीनें निरुपयोगी म्हणून फेंकला जात होता. त्यांनीं दुकानदारांस विनंति केली, कीं हें फेंकूं नका, आम्हांस द्या. दुकानदार कबूल झाले.

माल येऊं लागला, पण ठेवावयाचा कोठें? व्हॅन हेंगेल आपल्या धर्मसंस्थेकडे, म्हणजे सेंट मेरी चर्चकडे गेले. चर्चनें त्यांना एक बंद पडलेली बेकरी आणि ३००० डॉलर दिले. १९६७ सालीं या बेकरींत ‘सेंट मेरीज फूड बँक’ सुरू झाली. पहिल्याच वर्षांत त्यांनीं व त्यांच्या स्वयंसेवकांनीं अडीच लक्ष पौंडांहून अधिक अन्न वांटलें. पेढीची रचना साधी होती. ती स्वतः दारोदार वाटप करीत नसे. शेतकरी, कारखानदार व दुकानदार हे ठेव ठेवणारे. अन्नछत्रें, अनाथालयें व चर्चमधील मदतकेंद्रें हीं ठेव काढणारीं. ज्या लहान संस्थेला स्वतःची वखार नाहीं कीं मालमोटार नाहीं, तिला या पेढीमुळें एका ठिकाणीं माल मिळूं लागला. आणि ज्या व्यापाऱ्याला शंभर ठिकाणीं देणें शक्य नव्हतें, त्याला एका ठिकाणीं देणें सोपें झालें.

इतर शहरांतून विचारणा होऊं लागली. १९७६ च्या करविषयक कायद्यानें गरिबांसाठीं माल देणाऱ्या कंपन्यांना अधिक सवलत मिळाली, सरकारी अनुदानहि आलें, आणि १९७७ पर्यंत अशा पेढ्या अठरा शहरांत निघाल्या. १९७९ सालीं त्यांची मध्यवर्ती संस्था ‘सेकंड हार्वेस्ट’, म्हणजे ‘दुसरी सुगी’, या नांवानें स्थापन झाली. मोठा कारखाना एकदम गाडीभर माल देऊं शके; तो एका शहरास नव्हे तर सबंध प्रांतास पुरवावयाचा, म्हणून प्रादेशिक पेढ्या उभ्या राहिल्या. १९८१ मध्यें कॅनडांतील एडमंटन येथें व १९८४ मध्यें पॅरिस येथें पेढी निघाली. २००८ पासून अमेरिकेंतील मध्यवर्ती संस्था ‘फीडिंग अमेरिका’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. सुमारें दोनशें प्रादेशिक पेढ्या तिच्याशीं जोडल्या गेल्या.

एवढा मोठा पसारा पगारी नोकरांवर चालता ना. तो स्वयंसेवकांवर चालतो. शाळेचीं मुलें, कचेरींतले लोक, निवृत्त झालेले वृद्ध असे सर्व थरांतले लोक तेथें दोन-तीन तास येतात. त्यांचें काम पाहावयास गेल्यास त्यांत दिपविणारें असें कांहींच नाहीं. लांब टेबलांवर डबे मांडलेले असतात. प्रत्येक डबा हातीं घेऊन पाहावयाचा: मुदतीची तारीख कोणती, कांठ चिरला आहे काय, झांकण फुगलें आहे काय. फुगलेला डबा निर्दयपणें टाकावयाचा, कारण त्यांत विष झालेलें असूं शकतें. तांदुळाच्या व घेवड्याच्या मोठ्या पोत्यांतून लहान पिशव्या भरावयाच्या, बटाट्यांतून नासके काढावयाचे, खोक्यांवर चिठ्ठ्या लावावयाच्या. ज्याच्या घरीं हें अन्न जाणार, त्याचें तोंडहि बहुधा दिसत नाहीं. म्हणूनच या कामाला एक वेगळें शिक्षणमूल्य आहे. घेणाऱ्याची कृतज्ञता पाहण्याचें सुख तेथें नाहीं. जें आपल्या ताटांत घेतलें नसतें, तें दुसऱ्याच्या खोक्यांत भरावयाचें नाहीं, एवढाच नियम आहे. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून सद्भावनेनें अन्न देणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण दिलें. पण निवडणाऱ्याच्या डोळ्यांतली काळजी कायद्यानें उत्पन्न होत नाहीं.

तथापि या संस्थेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाहीं. १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दींत गरिबांच्या धान्यतिकिटांवरील खर्चांत कपात झाली. मंदीमुळें बेकारी वाढली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी वखारींत साठलेल्या चीजपैकीं तीन कोटि पौंड चीज गरिबांत वांटण्याचें ठरलें. हक्कानें मिळणारें आंखडलें आणि दयेनें मिळणारें वाढलें. पेढ्यांपुढील रांगा लांबल्या. तात्पुरती सोय म्हणून काढलेल्या पेढ्या कायमच्या होऊन बसल्या. जॅनेट पोपेंडीक या विदुषीनें १९९८ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत हाच आक्षेप घेतला आहे. तिचें म्हणणें असें, कीं डबे गोळा करण्यांत गुंतलेल्या समाजाला आपण कांहींतरी केलें असें समाधान मिळतें, आणि मजुरी अपुरी कां, घरभाडें न परवडणारें कां, हे मूळचे प्रश्न मागें पडतात.

हा आक्षेप हलका नाहीं. परंतु २०२० च्या साथीच्या वर्षीं जें घडलें तेंहि विसरतां येत नाहीं. त्या वर्षीं ९ एप्रिल रोजीं टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील अन्नपेढीपुढें सुमारें दहा हजार कुटुंबें आलीं; मैदानांत मोटारींच्या रांगाच रांगा लागल्या. त्यांतले पुष्कळजण महिन्यापूर्वीं पगारदार होते. वृद्ध स्वयंसेवकांना घरींच राहणें भाग पडलें, तेव्हां कित्येक राज्यांत नॅशनल गार्डच्या सैनिकांनीं खोकीं भरलीं. त्या दिवशीं मजुरीच्या दरांची चर्चा कितीहि योग्य असली, तरी तिनें एकाहि मुलाचें पोट भरलें नसतें. मुंबईंतील डबेवाल्यांनीं लग्नसमारंभांत उरलेलें अन्न भुकेल्यांपर्यंत पोंचविण्यासाठीं २०१५ सालीं ‘रोटी बँक’ काढली, तिच्या नांवांतहि त्या फीनिक्समधल्या पेढीचाच शब्द आला आहे.

व्हॅन हेंगेल २००५ सालीं फीनिक्स येथेंच वारले. देशोदेशीं पेढ्या निघाल्यावरहि त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच होती. दुसऱ्यांनीं वापरलेले कपडे ते घालीत. त्यांनीं भूक नाहींशी केली नाहीं. अन्न फुकट जात असतां मनुष्य उपाशी राहतो, हें मात्र त्यांनीं अनेकांच्या नजरेस आणलें. सरवा वेचणाऱ्या बाईला धन्याची मर्जी पाहावी लागत नसे. रूढीनें तिला तो हक्कच दिला होता. अन्नपेढीच्या दारीं उभ्या असलेल्या बाईला तो हक्क मिळवून देणें हें काम कायद्याचें व राज्यकर्त्यांचें आहे. तें होईपर्यंत टेबलाशीं उभें राहून डबे निवडणाऱ्या हातांची गरज राहणार.