एकच प्रश्न, दोन सार्वमते : १९७५ आणि २०१६

जून १९७५ चा पहिला आठवडा. लंडनमध्ये पार्लमेंटसमोरील चौकात एक महिला नेता उभी आहे. अंगात स्वेटर आणि त्यावर विणलेले नऊ युरोपीय देशांचे ध्वज. ब्रिटनने युरोपीय समुदायातच राहावे, असे आवाहन त्या मतदारांना करीत आहेत. चारच महिन्यांपूर्वी हुजूर पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आहे. नाव : मार्गारेट थॅचर.

त्याच सुमारास समुदायातून बाहेर पडा, असा प्रचार करणाऱ्यांच्या आघाडीवर होते मजूर पक्षाचे डावे मंत्री टोनी बेन. बहुतेक मोठ्या कामगार संघटना त्यांच्या बाजूने होत्या. उद्योगपती, बँका आणि जवळजवळ सारी राष्ट्रीय वृत्तपत्रे थॅचर यांच्या. डेली मेल आणि डेली एक्सप्रेससुद्धा!

ज्यांनी ब्रेक्झिटची बातमीपत्रे पाहिली आहेत, त्यांना हे चित्र उलटे टांगल्यासारखे वाटेल. ब्रेक्झिटची कथा आपण बहुधा २०१६ पासून वाचतो. हा धागा मात्र त्याआधी ४१ वर्षे झालेल्या, आज विस्मरणात गेलेल्या सार्वमताविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९५७ च्या रोम करारातून सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय जन्मला तेव्हा ब्रिटन दूर राहिला. साम्राज्य ओसरत होते, पण राष्ट्रकुलाची बाजारपेठ आपल्याला पुरेल असा भरवसा होता. तो भरवसा फार काळ टिकला नाही. ब्रिटनने दार ठोठावले, तर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये ते लावून घेतले. द गॉल पायउतार झाल्यावर हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी प्रवेश मिळवला, तोही काठावर. फेब्रुवारी १९७२ मध्ये प्रवेशाच्या कायद्यावर दुसऱ्या वाचनाचे मतदान झाले तेव्हा सरकार ३०९ विरुद्ध ३०१ असे, अवघ्या आठ मतांनी तरले. १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क व आयर्लंड यांच्यासह ब्रिटन समुदायात दाखल झाला.

मग दोनच वर्षांत सार्वमत कशासाठी? उत्तर देशात नव्हे, मजूर पक्षात शोधावे लागते.

या प्रश्नावर मजूर पक्ष उभा दुभंगला होता. रॉय जेन्किन्स यांच्यासारखे नेते युरोपनिष्ठ. बेन, मायकेल फूट आणि बार्बरा कासल कट्टर विरोधक. पक्षनेते हॅरॉल्ड विल्सन यांना दोन्ही गट एका छपराखाली ठेवायचे होते. सार्वमताची कल्पना बेन यांनी मांडली तेव्हा तिला फारसा पाठिंबा नव्हता. जेम्स कॅलहॅन यांनी मात्र तिचे मर्म ओळखले : हा रबराचा लहानसा तराफा आहे, एक दिवस साऱ्या पक्षाला त्यावर चढावे लागेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तसेच घडले. १९७४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने फेरवाटाघाटी आणि त्यानंतर जनतेचा कौल, असे आश्वासन दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमध्ये तोवर देशव्यापी सार्वमत कधीच झाले नव्हते. १९४५ मध्ये चर्चिल यांनी युद्धकालीन पार्लमेंटची मुदत वाढवण्यासाठी सार्वमत सुचवले, तेव्हा मजूर पक्षाचेच नेते क्लेमंट ॲटली यांनी हे साधन नाझी व फॅसिस्ट राजवटींच्या हातचे आहे, असे म्हणत ते फेटाळले होते. तीस वर्षांनी त्यांच्याच पक्षाने तेच साधन पक्षाची फूट सांधण्यासाठी हाती घेतले.

विल्सन यांच्या मंत्रिमंडळात १६ जण राहण्याच्या बाजूचे, ७ विरोधात. एरवी मंत्र्यांनी एका सुरात बोलायचे असते. विल्सन यांनी हा सामूहिक जबाबदारीचा संकेत तात्पुरता बाजूला ठेवला. एप्रिल १९७५ मध्ये कॉमन्स सभागृहाने ३९६ विरुद्ध १७० मतांनी राहण्याला कौल दिला, पण मजूर पक्षाचे १४५ खासदार विरोधात आणि १३७ बाजूने होते. म्हणजे पंतप्रधान विरोधी पक्षाच्या बळावर जिंकले! त्याच महिन्यात पक्षाच्या विशेष अधिवेशनाने जवळपास दोनास एक अशा फरकाने बाहेर पडण्याचा ठराव केला.

प्रचार रंगला तो किराणा मालाच्या भावांवर. चलनवाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली होती. समुदायाच्या शेतीधोरणामुळे न्यूझीलंडचे स्वस्त लोणी दुरावेल, ही विरोधकांची तक्रार. कासल यांनी तर ब्रुसेल्समध्ये खरेदी करून तेथील महागाई पत्रकारांसमोर मांडली. उलट बाजू म्हणे : नुकताच साखरेचा तुटवडा पाहिलात ना? एकटे राहाल तर उपाशी राहाल. लढाई मात्र विषम होती. सरकारने दोन्ही बाजूंना प्रत्येकी १,२५,००० पौंड दिले. बाहेर पडू पाहणाऱ्यांचा एकूण खर्च त्याहून फारसा पुढे गेला नाही; राहू पाहणाऱ्यांनी जवळपास १५ लाख पौंड खर्चले.

आता या धाग्यातील कळीचा मुद्दा. १९७५ मध्ये जनतेला फक्त 'बाजारपेठ' विकली गेली, सार्वभौमत्वाचा विषय दडवला गेला, असे पुढे ब्रेक्झिटवादी दशकानुदशके सांगत राहिले. हे मला पटत नाही. कागदपत्रे वेगळे सांगतात.

बेन यांनी १९७४ च्या अखेरीस आपल्या ब्रिस्टलच्या मतदारांना लिहिलेले जाहीर पत्र सार्वभौमत्वावरच होते : ज्यांना तुम्ही मत देऊन हटवू शकत नाही, ते तुमचे कायदे करतील. उजव्या टोकाचे इनॉक पॉवेल तर याच कारणासाठी हुजूर पक्षापासून तुटले आणि फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत त्यांनी लोकांना चक्क मजूर पक्षाला मत द्यायला सांगितले. घरोघरी गेलेल्या सरकारी पुस्तिकेत पार्लमेंटची सत्ता जाईल काय, या प्रश्नाला स्वतंत्र जागा होती. आणि राहण्याच्या बाजूचीच एक जाहिरात सांगत होती : या शतकातील दोन युरोपीय युद्धांत चार कोटी माणसे मेली, पोटचा मुलगा वा मुलगी गमावण्यापेक्षा थोडे सार्वभौमत्व गमावलेले बरे.

म्हणजे प्रश्न उघड्यावर होता. महायुद्ध संपून तीसच वर्षे झालेल्या, तेलसंकटाने आणि संपांनी हैराण झालेल्या मतदाराने भाकरी आणि शांतता यांचे पारडे जड मानले, इतकेच. सरकारी पुस्तिकेतील उत्तर गुळमुळीत होते, हे मान्य. पण गुळमुळीत उत्तर म्हणजे फसवणूक नव्हे.

५ जून रोजी ६७.२ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. देशभरात केवळ दोन मोजणीक्षेत्रांनी नकार दिला : शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स, दोन्ही स्कॉटलंडची बेटे. बेन यांनी पराभव जाहीरपणे मान्य केला. पॉवेल यांनी मात्र हा कौल तात्पुरता असल्याचे बजावले.

तराफ्याने पक्षाला किनाऱ्याला नेले, असे म्हणावे तर तेही नाही. १९८१ मध्ये जेन्किन्स आदी नेते मजूर पक्षातून बाहेर पडले. १९८३ च्या जाहीरनाम्यात पक्षाने युरोपीय समुदाय सोडण्याचे वचन दिले आणि त्याला जेमतेम २७.६ टक्के मते मिळाली.

बाजू नेमक्या केव्हा पालटल्या? एकच महिना दाखवायचा तर सप्टेंबर १९८८. ८ तारखेला युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात भाषण केले : एकत्र युरोप म्हणजे केवळ बाजार नव्हे, कामगारांच्या हक्कांचे संरक्षणही. थॅचर यांच्या राजवटीत खच्ची झालेल्या संघटनांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. २० तारखेला थॅचर बेल्जियममधील ब्रूज येथे बोलल्या : आम्ही ब्रिटनमध्ये राज्यसंस्थेचा पसारा आवरला, तो ब्रुसेल्सने पुन्हा आमच्यावर लादावा यासाठी नव्हे. बारा दिवसांचे अंतर. युरोप ज्यांना भांडवलदारांचा क्लब वाटत होता त्यांना तो आधार वाटू लागला आणि ज्यांना तो मुक्त बाजार वाटत होता त्यांना तो समाजवादाचे मागचे दार वाटू लागला.

यानंतर दुभंगण्याची पाळी हुजूर पक्षाची. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारावरून जॉन मेजर यांचे सरकार स्वपक्षीय बंडखोरांनी जेरीस आणले. २०१३ मध्ये डेव्हिड कॅमरन यांनी सार्वमताचे वचन दिले, तेही बऱ्याच अंशी पक्षातील भांडण मिटवण्यासाठी. तराफा तोच, फक्त स्वार बदलले. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी १९७५ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. २०१६ मध्ये राहण्याचा प्रचार करताना त्यांचा आवाज खालच्या पट्टीत का होता, हे यावरून कळावे.

एक मुद्दा मात्र सर्वस्वी नवा होता : माणसांची ये-जा. २००४ मध्ये पूर्व युरोपातील देश संघात आले आणि ब्रिटनने त्यांच्या कामगारांना लगेच दार उघडले. याच दाराने काही हजार गोवेकरही आले, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या पासपोर्टवर अनेकांनी इंग्लंडमधील स्विंडन हे शहर जवळ केले. २०१६ मध्ये त्याच स्विंडनने बहुमताने बाहेर पडण्याचा कौल दिला.

प्रचाराचा सूर १९७५ पेक्षा फार कडवट होता. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून रोजी, राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांची एका अतिउजव्या माथेफिरूने हत्या केली.

२३ जून २०१६ : बाहेर ५१.९, आत ४८.१ टक्के. त्यापुढील साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान गेले आणि पार्लमेंट ठप्प झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला.

नकाशाही उलटला होता. १९७५ मध्ये इंग्लंड सर्वाधिक युरोपवादी (६८.७ टक्के), तर स्कॉटलंड थंड (५८.४ टक्के), स्कॉटिश नॅशनल पार्टी तेव्हा बाहेर पडण्याचा प्रचार करीत होती. २०१६ मध्ये इंग्लंडने बाहेरचा रस्ता निवडला आणि स्कॉटलंडच्या सर्वच्या सर्व ३२ विभागांनी राहण्याचा. त्यांत शेटलंड होते आणि वेस्टर्न आइल्सही.