फर्मानातले मौन
इ.स. १५१६ च्या बव्हेरियातील फर्मानाने बिअरसाठी तीनच घटक मान्य केले : सातू, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. वास्तविक, मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्याचे मद्य करणारे तेच. आंबवण्याच्या पिंपातला गाळ कारागीर विरजणासारखा पुढच्या पिंपात घालत. ते सजीव आहे, हे १८३७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाने दाखवले. लुई पाश्चरने १८७६ च्या ग्रंथात बिअर नासण्याचे कारण परक्या जंतूंत शोधले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. संहितेत जे अनुल्लेखित होते, ते कृतीत अनुपस्थित नव्हते. केवळ लिखितावर विसंबणाऱ्या इतिहासकाराने असे मौनही वाचायला हवे.