‘सर्व्हर डाऊन’च्या मागचा आकडा

२०१७ च्या श्रावणात नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, येवला, दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांच्या कानी एकच वाक्य पुन्हा पुन्हा पडत होतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ राज्य सरकारच्या कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक पिशवीत घालून, ऐन खरिपातली कामं टाकून माणसं अर्ज भरण्याच्या केंद्रावर येत. अर्ज मध्येच अडला, की आपल्याच कागदात काही चुकलं का, ही धास्ती त्यांनाच.

खरं तर चूक कोणाची, हे सांगायची सोय वेबच्या बाळपणीच झाली होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९२ मध्ये सर्व्हरच्या उत्तरांना आकडे दिले. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे मागणाऱ्याची चूक. पाचशेच्या घरातला म्हणजे सर्व्हरची स्वतःची. ‘५००’ हा सर्व्हरचा कबुलीजबाब आहे. ‘डाऊन’ या एका शब्दात तो बुडून जातो, याचं वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात सीजीआय ही पद्धत ठरली आणि वेबपानावरचा फॉर्म सर्व्हरवरच्या छोट्या स्क्रिप्टपर्यंत पोचू लागला. पुष्कळशा स्क्रिप्ट पर्ल भाषेत असत. आणि त्या फार क्षुल्लक कारणांनी पडत. उत्तराच्या आधी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ आणि तिच्याखाली एक रिकामी ओळ लागते; ती राहिली की ५००. फाइलला चालवण्याची परवानगी, म्हणजे ‘७५५’, दिली नाही तरी ५००. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचं असतं. पर्ल कुठे आहे हे सांगणाऱ्या पहिल्याच ओळीत ते चिकटून आलं, तर युनिक्सच्या सर्व्हरला पर्लचा पत्ताच सापडत नाही. डोळ्यांना मात्र ओळ अगदी बरोबर दिसते! म्हणून जाणता दुरुस्तीकार कोड वाचत बसण्याआधी सर्व्हरची नोंदवही, एरर लॉग, उघडतो आणि शेवटची ओळ वाचतो. पडद्यावर नुसता आकडा असतो; खरं कारण नोंदवहीत लिहिलेलं असतं.

मराठी फॉर्मची आणखी एक अडचण. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नाशिक’ लिहायला पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. रोमन लिपीत सहाच. रोमन अक्षरांच्या हिशेबाने बेतलेल्या रकान्यात मराठी नाव अर्धवट तुटे, किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे. इथे ५०० सुद्धा दिसत नाही. अर्ज ‘यशस्वी’ होतो आणि माणसाचं नावच हरवतं. ही चूक अधिक घातक.

२०१७ मध्ये तर कर्जमाफीच्या अर्जांचा भार राज्यभरातून एकाच वेळी येत होता. केंद्रचालक रात्री उशिरापर्यंत बसत, कारण गर्दी ओसरली की पान लवकर उघडे. अखेर १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढली, आणि पिशव्या घेऊन माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली.