कालव्याचे पाणी कुणाच्या नावावर?

मित्रांनो, दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आपल्या मोबाईलवर एक पोस्ट फिरू लागते. दामोदर खोरे, हिराकुड, सोन नदी, केंद्रीय जल आयोग आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. खाली ओळ असते, 'देशाच्या जलनीतीचे शिल्पकार'. पोस्ट खरीच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडेच होते. नदीकडे एका प्रांताची मालमत्ता म्हणून न पाहता संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा आणि एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधावी, ही भूमिका त्या काळात सरकारी धोरणात आली. आम्हाला त्याचा अभिमान आहे.

पण आमचा प्रश्न या पोस्टच्या पुढचा आहे. धरणाचा दरवाजा उघडल्यावर पाणी जाते कुठे? आणि ते आपल्या वस्तीजवळच्या तुकड्यापर्यंत का पोहोचत नाही?

आधी कालवा कसा चालतो ते समजून घेऊ. धरणातून किंवा बंधाऱ्यातून मुख्य कालवा निघतो. तो नदीसारखा सखल भागातून वाहत नाही. अगदी थोडा उतार ठेवून तो डोंगराच्या कडेकडेने, उंचावरून नेलेला असतो. कालवा आणि नदी यांच्यामधली जी जमीन कालव्याच्या खालच्या अंगाला येते, ती भिजते. तिला लाभक्षेत्र म्हणतात. कालव्याच्या वरचा माळ कोरडाच राहतो. मुख्य कालव्यातून वितरिका निघते, वितरिकेतून लघुवितरिका, तिच्यावर मोघा आणि मोघ्यापासून शेतापर्यंत चारी. शेतकऱ्याने नमुना ७ चा पाणी अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की शेजपाळीच्या यादीत नाव येते आणि आवर्तन सुटले की यादीप्रमाणे पाणी मिळते. शेजपाळीचा नियम असा की पाणी आधी टेलच्या, म्हणजे सर्वांत शेवटच्या शेताला द्यायचे आणि मग वर वर यायचे. नियम न्यायाचा आहे. प्रत्यक्षात काय होते, हे टेलला जमीन असलेल्या कुणालाही विचारा.

आता या व्यवस्थेतली खरी चावी पाहा. पाणी अर्जात पहिल्यांदा काय लिहावे लागते? गट नंबर. ज्याच्याकडे गट नंबर नाही, त्याला अर्जच नाही. ज्याचा गट कालव्याच्या वर आहे, त्यालाही अर्ज नाही. कालव्यावर कुठेही 'महार-मांगांना पाणी मिळणार नाही' अशी पाटी नाही. तशी पाटी लावण्याची गरजच पडली नाही. शेकडो वर्षे जातीने जमीन वाटली, नंतर इंजिनिअरने त्या जमिनीला पाणी वाटले. इंजिनिअरच्या मनात जात असो वा नसो, पाणी जातीच्या वाटेनेच गेले.

हे कसे घडले, ते इतिहासातच सापडते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा कणा मोडला. त्याच सुमारास पुण्याजवळ खडकवासला धरण आणि मुठा कालवे पूर्ण होत आले होते. १८८५ मध्ये वीरच्या बंधाऱ्यावरून नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरकडे पाणी निघाले. पुढे गोदावरीचे कालवे आले, दारणा आणि भंडारदरा ही धरणे झाली, १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाले. दुष्काळी कामांवर खडी फोडायला, माती वाहायला सर्वांत आधी कोण गेले? ज्यांच्या घरात धान्याची कणगी नव्हती, ते. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकीच ठेवली होती. ज्या हातांनी ही माती उपसली, त्यांपैकी बहुतेकांच्या नावावर कालवा सुरू झाला तेव्हा गुंठाभरही बागायत नव्हती.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्यावर थेट बोट ठेवले. पट्टी तर वसूल होते, पण पाणी वेळेवर आणि पुरेसे पोहोचते की नाही, याची फिकीर अंमलदारांना नाही, ही त्यांची तक्रार होती. ही तक्रार करणारा माणूस कालव्याचा विरोधक नव्हता. पाणी नको असे फुल्यांनी कधीच म्हटले नाही. पाण्याचा हिशेब द्या, एवढेच ते मागत होते. आमची मागणीही तीच आहे.

सुरुवातीला नीरेवर शेतकरी पाणी घ्यायला नाखूश होते. पाऊस चांगला झाला की कालव्याकडे कुणी फिरकत नसे आणि दुष्काळ पडला की झुंबड उडे. यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागावर ऊस आणि उरलेल्यावर इतर पिके घ्यायची. पाणी मोजक्या गावांत न साचता जास्त गावांत पसरावे, हा तिचा हेतू होता आणि तो वाईट नव्हता. पण पाणी गावागावांत पसरले, तरी जमीन काही पसरली नाही. पुढे उसाला कारखाना मिळाला. आधी खासगी कंपन्या आल्या, मग १९५० पासून प्रवरेचा सहकारी कारखाना आणि त्याच्या मागोमाग इतर. आज परिस्थिती अशी आहे की राज्याच्या पिकाखालील क्षेत्रात ४ टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. हे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटले आहे. आणि तो ऊस तोडायला कोण येते? कालवा नसलेल्या जिल्ह्यांतला भूमिहीन, बैलगाडी आणि लेकरे घेऊन. पाटाच्या काठी कोपी घालतो, पण पाटाच्या पाण्यावर त्याचा हक्क नसतो.

इथे आपल्याला महाडची आठवण झाली पाहिजे. आपण २० मार्च १९२७ लक्षात ठेवतो, पण पुढचा खटला विसरतो. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता, तरीही सवर्णांनी कोर्टात जाऊन काय सांगितले? तळे सार्वजनिक नाही, ते आमच्या खासगी मालकीचे आहे. या दाव्यावर मनाईहुकूम मिळाला आणि डिसेंबर १९२७ मध्ये तळ्यावर जाणे थांबवावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. म्हणजे विटाळाचे शस्त्र बोथट झाल्यावर त्यांनी मालकीचे शस्त्र उचलले. चवदार तळ्यावर ते हरले. कालव्यावर मात्र तेच शस्त्र आजही चालते आणि त्याविरुद्ध खटलाही कुणी भरत नाही, कारण आपणही ते स्वाभाविक मानून बसलो आहोत.

आणि कालव्याचे पाणी तर कुणाच्या बापजाद्यांचे नाही. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या पाटबंधारे कायद्याने अधिसूचना काढून नदीचे पाणी कालव्यासाठी घेण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. धरण सरकारी पैशाने बांधले. तो पैसा मीठ, काडेपेटी, कापड विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाच्या करातून आला. मग सार्वजनिक पैशाचे पाणी फक्त सातबाऱ्यावाल्याचे कसे?

स्वतंत्र महाराष्ट्राला ही चूक दुरुस्त करण्याची मोठी संधी मिळाली होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कंपन्यांच्या ताब्यातल्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या. या जमिनी पडीक माळ नव्हत्या, कालव्याखालची बागायत होती. त्या भूमिहीनांना वाटता आल्या असत्या. पण १९६३ मध्ये शेती महामंडळ काढून त्या महामंडळाकडे ठेवल्या. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारो बायाबापडे लेकरांसह तुरुंगात गेले. महामंडळाच्या जमिनींचा शेवट काय झाला? कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ नंतर त्या मोठ्या प्रमाणावर खंडकऱ्यांच्या वारसांना परत देण्यात आल्या. खंडकऱ्यांची बाजू आम्ही नाकारत नाही. ज्यांची जमीन कंपन्यांनी खंडाने घेतली, त्यांचा तो दावा होता. पण पिढ्यानपिढ्या त्याच जमिनीवर राबलेल्या मजुराचा दावा कुणी कायद्यात लिहिला?

२००५ मध्ये दोन नवे कायदे आले. पाणी वापर संस्थांचा कायदा आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा. दोन्हींत 'समन्यायी' हा शब्द ऐकू येतो. पण संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. पाण्याचा कोटा कशावर ठरतो? लाभक्षेत्रातल्या जमिनीवर. म्हणजे समन्याय जमीनवाल्यांच्या आपसात आहे. बाकीचे त्या हिशेबातच नाहीत.

यावर आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो. 'ज्याला जमीनच नाही, तो पाणी घेऊन काय करणार? डोक्यावर ओतणार?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावकडे पाहावे. १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ज्याच्याकडे पाणी आहे आणि जमीन नाही, तो कोरडी जमीन असणाऱ्याशी वाट्याने शेती करू शकतो. म्हणजे पाण्याचा हक्क हातात असला तर भूमिहीन माणूसही बरोबरीने बोलणी करतो. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणाच्या लढ्यानेही भूमिहीनांसह सर्वांना पाणी हे तत्त्व पुढे नेले. ही उदाहरणे लहान योजनांची आहेत, हे खरे. पण गावाने जे करून दाखवले, ते सरकारने मोठ्या कालव्यावर का करू नये, याचे उत्तर कुणी देत नाही.

आता पुन्हा बाबासाहेबांकडे येऊ. जलनीतीचे बाबासाहेब १९४५ वर थांबत नाहीत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, ती जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन असे कुणीच उरू नये, अशी मांडणी केली. आणि त्या शेतीला पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. पाणी आणि जमीन त्यांनी एकाच कलमात एकत्र ठेवली. धरणाचे बाबासाहेब घ्यायचे आणि जमिनीचे बाबासाहेब सोडायचे, हे चालणार नाही. तसे करणारे त्यांचा फोटो वापरतात, विचार नाही.

म्हणून मित्रांनो, या वर्षी पोस्ट टाकण्याबरोबर थोडे काम करू. आपल्या तालुक्यात कालवा असेल तर लाभक्षेत्राचा नकाशा मिळवा. आपल्या वस्तीच्या, जुन्या वतनी आणि गायरान जमिनी त्यात येतात की कालव्याच्या वर राहतात, ते तपासा. माहिती अधिकारात शेजपाळीची यादी मागा, टेलला किती आवर्तने पोहोचली ते विचारा. पाणी वापर संस्थेच्या सभेत उभे राहून भूमिहीनांच्या वाट्याचा ठराव मांडा. नामंजूर होईल. होऊ द्या, इतिवृत्तात नोंद तर होईल. महाडचा निकाल लागायला दहा वर्षे लागली होती.

जय भीम!